कमाटी बागेतला दिवस आणि आजीचं तिकीट

बडोदेकर मंडळी, 'रविवारी बागेत जायचंय' म्हटलं की कुठल्या बागेत हे आपल्याकडे कुणी विचारलं नाही. पाटीवर सयाजीबाग, तोंडात मात्र कमाटी बाग. हल्ली वॉटर पार्क, थीम पार्कचे फोटो सगळे टाकतात, म्हणून म्हटलं आपल्या या जुन्या 'पार्क'बद्दल थोडं लिहावं.

बाग १८७९ ची. सयाजीरावांची बाग असं आपण म्हणतो ते बरोबरच, पण त्या साली महाराज जेमतेम सोळा वर्षांचे होते. राज्याचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले १८८१ च्या डिसेंबरात. तोवर कारभार दिवाण सर टी. माधवरावांकडे, आणि हे माधवराव कुंभकोणमचे, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले! म्हणजे महाराष्ट्राबाहेर वाढलेला एक मराठी माणूस महाराष्ट्राबाहेरच्या मराठी राज्याचा कारभार बघत होता, तेव्हा ही बाग झाली. मला उगाचच याचा आनंद होतो. पुढे महाराजांच्या काळात बागेत म्युझियमची इमारत उठली, १८८७ ला सुरू होऊन १८९४ ला पुरी झाली. प्राणी होते, बँडस्टँड होता. आणि बागेत शिरायला तिकीट नव्हतं. माझ्या मते या बागेतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

कारण तिकीट नाही म्हणजे माणसं मोजावी लागत नाहीत. आमच्या दांडिया बाजारच्या घरातून निघायची ती चौदा-पंधरा डोकी. आजी, आजीची विधवा नणंद, दोन काका, काकू, आम्ही पोरं, शिवाय शेजारच्या गुजराती घरातली दोन. आजी सांगायची, तिच्या सासूला घराबाहेर पडायला देऊळ किंवा हळदीकुंकू यातलं काहीतरी कारण लागायचं. बाग आली आणि बायकांना नुसतं बसायला जाण्याची सोय झाली. नुसतं बसायला! आता 'नुसतं' म्हणायचं, पण काकू पहाटे साडेचारला उठलेली असायची. दशम्या, बटाट्याची कोरडी भाजी, लसणाची चटणी, शेजारचे थेपले, लीलो चिवडा. पुरुषांकडे काम एकच, सतरंजी उचलणं. तीही परत येताना विसरायची.

कोठीवरून चालत, विश्वामित्रीचा पूल ओलांडून काळ्या घोड्याशी आलो की पहिली मोजणी. पुलावर पाच मिनिटं जायचीच, खाली मगर दिसते का बघायला. आपल्या नदीत मगरी आहेत हे बाहेरगावच्या पाहुण्यांना आजही खोटं वाटतं.

मग आगगाडी. राजघराण्याने मुलांसाठी दिलेली ती इवलीशी गाडी, रुळांतलं अंतर अवघं १० इंच. मोठी माणसं गुडघे हनुवटीला लावून बसायची. धाकट्या काकांनी दुपारी मोजणी केली तेव्हा एक डोकं कमी. आत्येभाऊ गायब! काकू रडायला लागली, दोघं नदीकडे धावले, आजी एका जागी बसून रामरक्षा म्हणायला लागली. पाऊण तासाने स्वारी सापडली आगगाडीच्या रांगेत. एका अनोळखी कुटुंबात मिसळून तिसऱ्यांदा बसायला उभा. त्याला मार बसला नाही, कारण मारायचं कुणी यावर दोन्ही काकांचं भांडण जुंपलं.

म्युझियम शेवटी. देवमाशाचा तो सांगाडा, सत्तर फुटांच्या वर, १९४४ साली महीच्या मुखाशी आलेला. पोरं त्याच्याखाली गप्प व्हायची. इजिप्तची ममी मात्र आजीने कधी बघितली नाही. "मेलेल्या माणसाला बघायला कशाला जायचं?" म्हणायची, आणि जे बघून आले त्यांना घरी आल्यावर पायावर पाणी घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू द्यायची नाही.

१९८९ ला मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि बडोद्याच्या घराघरांत त्याचं वेड शिरलं. आपल्याला सोयही होती, गाडीने बोरिवलीला उतरायचं, आत्याकडे मुक्काम, सकाळी होडीने खाडी ओलांडायची. आम्हीही गेलो. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण आदल्या रात्री आत्याकडे पहिल्यांदाच कागद-पेन्सिल घेऊन हिशोब झाला. माणशी तिकीट. पाळण्यात बसणारे किती, न बसणारे किती. आजीने तो हिशोब स्वयंपाकघरातून ऐकला आणि बाहेर येऊन म्हणाली, "माझे गुडघे दुखतायत, मी थांबते. नणंदबाईंनाही सोबत होईल." कुणी फारसा आग्रह केला नाही. संध्याकाळी भिजून, दमून परत आलो तेव्हा तिने सगळ्यांसाठी मुगाची खिचडी टाकली होती, आणि कुठल्या पाळण्यात कोण रडलं ते खोदून खोदून विचारत होती.

त्यानंतर ठिकाणं बदलत गेली, तिकिटं वाढत गेली आणि जाणारी डोकी कमी होत गेली. चौदाची सहा झाली, सहाची चार. घरं वेगळी झाली हे कारण आहेच, पण सगळा दोष त्याच्यावर टाकायला माझं मन घेत नाही. म्हातारं माणूस तिकिटाच्या रांगेत स्वतःला आधी वजा करतं, आणि आपण त्याला सोयीने 'गुडघे' म्हणतो.

एस्सेलवर्ल्डनंतरच्या दिवाळीत आजीनेच फर्मान काढलं, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी कमाटी बाग. अकरा जण जमले. गुडघे दुखत असतानाही ती काळ्या घोड्यापासून बँडस्टँडपर्यंत चालत आली, सतरंजीवर पाय पसरून बसली आणि दर तासाला स्वतः मोजणी केली. परतताना सतरंजीही तिनेच आठवणीने मागितली.

त्या जुन्या छोट्या आगगाडीत बसलेला घरच्यांचा फोटो कुणाकडे असेल तर जरूर टाका. आमच्याकडे एक आहे, पण त्यात सगळ्यांचे गुडघेच जास्त दिसतात.