तोंडातला निखारा

नदीकाठी गळ टाकून बसलेला गोरा साहेब, दातांत चिरूट, पाठीमागे जाळी घेऊन उभा असलेला नोकर. मासेमारी आणि सिगार ही जोडी म्हटली की डोळ्यांपुढे येतं ते हे चित्र, आणि ते काही खोटं नाही. मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक लिहिलं आणि आपला महाशीर मासा झुंजीत विलायती सामनला हार जाणार नाही, असं ठामपणे सांगितलं. सुटीच्या दिवशी डोंगरातली नदी गाठणं हा साहेबी शौक होता. मासा गळाला लागेपर्यंत तासन् तास जायचे. तेवढ्या वेळात चिरूट ओढायचा. शिवाय धुराने डास लांब राहायचे. पण साहेबाने ही जोडी जुळवली म्हणावं, तर ते चूक. ती कधीचीच जुळलेली होती, आणि ज्यांनी जुळवली त्यांनी पुस्तकं लिहिली नाहीत.

तंबाखू हिंदुस्थानात आणली पोर्तुगिजांनी. अकबराच्या दरबारात ती गेली विजापुराहून, असदबेग नावाच्या सरदाराबरोबर, जडावाच्या नळीसकट. जहांगिराने १६१७ साली तिच्यावर बंदी घातली. ती कोणी फारशी मनावर घेतली नाही. उत्तरेत तंबाखूला हुक्का मिळाला आणि ती बैठकीत बसली. हुक्क्याला निखारा लागतो, पाणी लागतं, चिलीम भरून देणारा माणूस असला तर उत्तमच. होडीत यातलं काय जमणार? तमिळ-तेलुगू मुलखाने वेगळी वाट धरली. पान गुंडाळायचं, टोक पेटवायचं, संपलं की फेकून द्यायचं. कोलंबसाच्या माणसांनी १४९२ साली क्यूबात पाहिली तीही अशीच पेटती सुरळी. ती एकदा तोंडात धरली की दोन्ही हात मोकळे. वल्हं असो, जाळं असो की गळाची दोरी, मासेमारीला दोन्ही हात लागतातच. सिगार होडीत टिकला तो एवढ्याच कारणाने, असं माझं सरळ मत आहे. त्यात शानशौक नंतर आला.

साहेबांच्या आवडीचे चिरूट त्रिचनापल्ली आणि दिंडिगलचे. १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत शेरलॉक होम्स खुन्याच्या सिगारची राख पाहून ती त्रिचनापल्लीची, हे ओळखतो. पुढे ‘द साइन ऑफ फोर’मध्ये तंबाखूच्या १४० प्रकारांच्या राखेवर आपण पुस्तिका लिहिल्याचं सांगतो, आणि तिथेच ‘लंका’ नावाच्या हिंदी चिरुटाचा उल्लेख येतो. या लंकेचा रावणाशी संबंध नाही. गोदावरीच्या मुखाजवळ, नदीच्या पात्रातच जी गाळाची बेटं आहेत त्यांना तेलुगूत लंका म्हणतात. दर पुरात त्यांच्यावर नवा गाळ बसतो आणि त्या गाळात तंबाखू झकास येते. गोदावरी निघते आपल्या ब्रह्मगिरीवरून आणि नाशिक-मराठवाड्याची काळी माती धुऊन नेते, तेव्हा बेकर स्ट्रीटवरच्या त्या राखेत चिमूटभर वाटा आपलाही धरायला हरकत नाही.

लंकांच्या उत्तरेला, विशाखापट्टणम आणि श्रीकाकुळम जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर, चिरुटाला म्हणतात चुट्टा. घरच्या घरी वळलेला, जाडाभरडा, ५ ते ९ सेंटिमीटरांचा. या किनाऱ्यावरची जुनी नाव म्हणजे तेप्पा: चारदोन ओंडके दोरीने बांधलेले, त्यांच्यावर माणूस पाण्याच्या पातळीलाच बसलेला. समोरून वारा, अंगावर लाटेचे तुषार. विडी इथे दोन झुरक्यांत विझेल. म्हणून चुट्टा उलटा ओढायचा, असं तिथले लोक सांगतात.

उलटा म्हणजे अक्षरशः उलटा. आधी नेहमीसारखा पेटवायचा, चारसहा झुरके घेऊन टोक चांगलं रसरशीत होऊ द्यायचं. मग चुट्टा फिरवून जळतं टोक तोंडात घ्यायचं आणि ओठ मिटायचे. हवा येते ती बाहेर राहिलेल्या न पेटलेल्या टोकातून. जीभ खाली दाबलेली, निखारा टाळूखाली, ओठ लाळेने ओले, त्यामुळे पान भराभर जळत नाही. तेवढ्या मोजक्या हवेवर चुट्टा अगदी सावकाश जळतो. एक चुट्टा पेटवून, विझवून, पुन्हा पेटवून बराच वेळ पुरवता येतो. राख थुंकायची, थोडी गिळली जाते. तेलुगूत याला म्हणतात ‘अड्ड पोगा’.

आणि गंमत अशी, की समुद्रावर पुरुष जातात, पण हा प्रकार अंगवळणी पडला तो बायकांच्या. डोक्यावर माशांची टोपली, काखेत पोर, आणि तोंडात निखारा. राख पोराच्या अंगावर पडत नाही, वारा कितीही असला तरी चुट्टा विझत नाही, आणि तोंडातून फक्त एक काळं बूड बाहेर दिसतं. आपल्या कोळीवाड्यातल्या आजीची मशेरी आणि या आजीचा चुट्टा यांच्यामागचं कारण बहुधा एकच: काम न थांबवता करता येणारी चैन.

उलटा सिगार ओढणाऱ्या बायका कोलंबिया-व्हेनेझुएलाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर आहेत, फिलिपिन्समध्ये आहेत, भूमध्य समुद्रातल्या सार्डिनियातही होत्या. खलाशांनी ही युक्ती बंदरोबंदरी नेली, असा तर्क मोहात पाडतो. मला तो पटत नाही. सुकं पान, वारा आणि गुंतलेले हात एकत्र आले की ही युक्ती कुणालाही सुचेल.

तिची किंमत मात्र जबर. तोंडातल्या हवेचं तापमान १२० अंश सेल्सिअसपर्यंत जातं, असं मोजलं गेलं आहे. टाळूचा कर्करोग एरवी विरळा. या किनाऱ्यावर तो नित्याचा. १९६०च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. फली मेहता यांच्या चमूने देशातल्या पाच जिल्ह्यांत घरोघरी फिरून ५०,९१५ गावकऱ्यांची तोंडं तपासली. त्यांतला एक जिल्हा श्रीकाकुळम. डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग या कामात बरोबर होते. श्रीकाकुळमच्या १०,१६९ गावकऱ्यांवरचा त्यांचा लेख १९७१ साली आला आणि उलट्या चुट्ट्याचा टाळूवरचा परिणाम जगापुढे मांडला गेला. फिकट पडलेली टाळू, तिच्यावर लाल ठिपके, मग पांढरे चट्टे, मग गाठ. बाईला यातलं काहीच आरशात दिसत नाही, कारण आ करून टाळू कोण बघतं?

पुढे याच संस्थेने श्रीकाकुळमसह तीन जिल्ह्यांत ३६,००० तंबाखूखोरांना वर्षानुवर्षं समजावून सांगण्याचा प्रयोग केला. ज्यांनी सवय सोडली किंवा कमी केली त्यांच्या तोंडातले चट्टे कमी झाले. तेप्पांच्या जागी फायबरच्या नावा आणि इंजिनं आली. तरुण मुली अड्ड पोगा शिकेनाशा झाल्या. चुट्टा अजून वळला जातो, पण उलटा ओढणाऱ्या दिसतात त्या बहुतेक म्हाताऱ्याच.