चुकीच्या फाट्यात शिरलेली माशी

साल १९७८. तू जालना स्टेशनवर उभी आहेस. शाळेच्या दाखल्यावर 'जिल्हा औरंगाबाद' लिहिलंय, कारण जालना जिल्हा व्हायला अजून तीन वर्षं आहेत. मीटरगेजची गाडी मनमाडपर्यंतच कामाची. तिथे उतरून मोठ्या लाइनची गाडी धरायची आणि मुंबई गाठायची. उन्हाळ्याची सुट्टी तू टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मेंदूचं काम चालतं त्या प्रयोगशाळेत काढणार आहेस.

कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून ही इमारत. आत चित्रकार हुसेन यांचं भिंतभर चित्र. थांबून बघ, घाई नाही. भौतिकशास्त्र आणि गणितवाल्यांच्या या घरात १९६२ मध्ये होमी भाभांनी ओबेद सिद्दीकींना बोलावून जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. सिद्दीकींनी नंतर फळमाशी हाती घेतली. उष्णता वाढली की लुळ्या पडणाऱ्या आणि गारव्यात पुन्हा चालू लागणाऱ्या माश्यांवर त्यांनी अमेरिकेत सेमूर बेंझर यांच्याबरोबर काम केलं. आता इथे प्रश्न वासाचा आहे. केनियात जन्मलेल्या, डब्लिनला शिकलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज त्यासाठी नुकत्याच इथे आल्यात.

दार उघडताच यीस्टचा आंबूस वास येतो. मका, साखर, यीस्ट आणि आगर शिजवून बाटल्यांच्या तळाशी ओतलंय, त्यावर चिलटं वाढताहेत. ईथरने गुंगवलेल्या माश्या तू सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशने सरकवतेस. नर लहान, पोटाचं टोक काळं. मादी मोठी, टोकदार. मादी कोषातून बाहेर पडल्यावर काही तासांतच वेगळी काढावी लागते. उशीर झाला की तिचा नराशी संग झालेला असतो आणि पुढचा सगळा हिशेब वाया जातो.

हे तुला कोणी समजावून सांगायची गरजच नाही. बदनापूरकडच्या सीड प्लॉटवर आई भादव्यात संध्याकाळी कपाशीच्या कळीतले पुंकेसर काढते, कळी झाकते आणि सकाळी हव्या त्या झाडाचे पराग लावते. नको तो संकर होऊ द्यायचा नाही, ही शिस्त जालन्याच्या शिवारात मुरलेली आहे. बद्रीनारायण बारवाले यांची महिको ही बियाणे कंपनी १९६४ पासून तिथेच उभी आहे. मेंदूचं संशोधन म्हणजे काहीतरी दूरचं, इंग्रजी शाळेतल्या मुलांचं, असं ज्यांनी तुला सांगितलं त्यांनी हे काम जवळून बघितलेलं नाही.

आता वाय आकाराची काचेची नळी. एका फाट्यातून केळ्यासारख्या वासाची हवा येते, दुसऱ्यातून साधी. माश्या वर चढतात आणि जवळजवळ सगळ्या वासाकडे वळतात. तू मोजतेस, वहीत लिहितेस, पुन्हा सोडतेस. दुपारपर्यंत मान आखडते. मग एक माशी साध्या हवेच्या फाट्यात शिरते. तिला चालता येतं, उडता येतं. कदाचित दुसरा एखादा वास तिला नीट कळतही असेल आणि फक्त हाच कळत नसेल. तसं असेल तर कुठलं तरी एक जनुक बिघडलंय, आणि ते कुठलं हे शोधता येतं.

आज, २०२४ नंतर, माशीच्या मेंदूतल्या १,३९,२५५ चेतापेशींचा जोडणी-नकाशा आपल्याकडे आहे. वासाच्या ग्राहींवरच्या कामाला २००४ चं नोबेल मिळालं. कुठल्या वासाने माशीच्या मेंदूतला कुठला भाग जागा होतो, हे रॉड्रिग्ज १९८८ मध्ये दाखवतील. या खोलीत यातलं काहीच नाही. फक्त नळी आहे, वही आहे आणि न कंटाळता मोजणारे लोक. मला मोठं वाटतं ते हेच.

तर त्या माशीला जोडीदारासह वेगळ्या बाटलीत टाक, बाटलीवर तारीख घाल. दहा-बारा दिवसांनी पुढची पिढी उडेल. त्या माशीच्या वंशात, या पिढीत नाही तर त्यापुढच्या पिढीत, हीच चूक उतरलेली दिसली पाहिजे. नाही दिसली, तर ती माशी बहुधा नुसती भरकटली होती आणि तुला पुढची बाटली उघडायची आहे.