मॉनिटर मुका असेल तेव्हा : चेन्नईची ‘बॉस’ आणि एक जुना वाद

२००५ साली मुक्त सॉफ्टवेअरसाठीचे राष्ट्रीय संसाधन केंद्र चेन्नईत सुरू झाले. सी-डॅकची चेन्नई शाखा आणि अण्णा विद्यापीठाच्या क्रोमपेट आवारातले एयू-केबीसी संशोधन केंद्र या दोघांनी ते चालवायचे होते. तिथूनच २००७ मध्ये ‘बॉस’ म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स ही डेबियन लिनक्सवर आधारलेली, मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारी प्रणाली बाहेर पडली. त्याच सुमारास तमिळनाडू सरकारच्या एल्कॉट महामंडळानेही लिनक्सची वाट धरली. या प्रयत्नांबद्दल बोलताना परवान्याचा वाचलेला खर्च आणि भाषांची सोय यांचाच उल्लेख होतो. पण शाळेतल्या किंवा कचेरीतल्या माणसाचा पहिला अनुभव त्याच्याही आधी ठरत असे. संगणक सुरू केला आणि मॉनिटरने स्वतःची ओळखच दिली नाही, तर प्रणालीने कोणते चित्र पाठवायचे? सर्वांत सुरक्षित आकडा निवडण्याची तेव्हाची रीत चुकीची होती, असे माझे मत आहे. ज्यात काम करता येते असा सर्वांत लहान आकडा, म्हणजे १०२४ बाय ७६८ पिक्सेल, निवडायला हवा होता.

ओळख देण्याची सोय तशी १९९४ पासूनची. व्हेसा या संघटनेने ठरवल्यानुसार मॉनिटरमधल्या चिपमध्ये १२८ बाइटांची माहिती असते आणि व्हीजीए केबलच्या १२ व १५ क्रमांकांच्या पिनांतून संगणक ती वाचतो. त्यापूर्वीचे मॉनिटर मुके होते. नंतरच्या मॉनिटरची माहितीही वाटेत हरवे : पिन वाकलेली असे, प्रोजेक्टरपर्यंत ओढलेली केबल फार लांब असे, किंवा एका मॉनिटरला दोन संगणक जोडणारा स्विच ती पुढे जाऊ देत नसे. अशा वेळी डेबियन माणसालाच विचारी : मॉनिटर किती इंची? आडवी वारंवारिता किती किलोहर्ट्झ? हे आकडे मॉनिटरच्या माहितीपुस्तिकेत असत, आणि ती शाळेत कोण जपून ठेवतो! काहीच माहिती मिळाली नाही, तर पडद्यावर चित्र काढणारा एक्स सर्व्हर ३१.५ ते ३७.९ किलोहर्ट्झ एवढाच पल्ला गृहीत धरी. ६० हर्ट्झवर ६४० बाय ४८० ला ३१.५ आणि ८०० बाय ६०० ला ३७.९ लागतात. १०२४ बाय ७६८ ला ४८.४ लागतात, म्हणून ते बाद होई.

या सावधगिरीमागे खरे कारण होते, आणि तोच माझ्या म्हणण्यावरचा मोठा आक्षेप आहे. काचेच्या जुन्या मॉनिटरला न पेलणारी वारंवारिता दिली, तर फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरवर आणि त्याला चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरवर ताण येऊन मॉनिटर जळू शकत असे. ठरावीक वारंवारितेच्या मॉनिटरांच्या काळात ही भीती रास्त होती. पण ‘बॉस’ आली तेव्हा बाजारातले साधे १५ इंची मॉनिटरही ५० किलोहर्ट्झच्या पुढे जात होते, आणि न पेलणारा संकेत आला तर बहुतेक मॉनिटर सूचना दाखवून थांबत. उलट ६४० बाय ४८० चे नुकसान रोजचे होते. खिडकीचे तळाचे बटण पडद्याबाहेर गेले की सेटिंग बदलण्याचा मार्गही बंद होई. भारतीय लिप्यांना तर ते अधिकच जाचे. देवनागरीत रेघेच्या वर मात्रा, रफार व अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरे. हे सारे मोजक्या पिक्सेलांत कोंबले की ‘कू’ आणि ‘कु’ एकच दिसतात. मराठीतून संगणक देऊ म्हणणाऱ्या प्रणालीला हे परवडणारे नव्हते.

दुसरा आक्षेप सपाट, रुंद पडद्यांचा. १३६६ बाय ७६८ च्या पडद्यावर १०२४ बाय ७६८ ताणलेले आणि किंचित धूसर दिसते. ते खरेच आहे. तरीही धूसर पडद्यावर वापरणारा सेटिंग शोधून योग्य आकडा निवडू शकतो. काळ्या पडद्यावर त्याला काहीच करता येत नाही. फार मोठा आकडा गृहीत धरू नये, ते याचसाठी.

पुढे एक्स सर्व्हरची वरची मर्यादा ३७.९ वरून ४८ किलोहर्ट्झवर नेण्यात आली. तिथे एक टक्क्याची सूट असल्याने ४८.४ तीत बसते. मॉनिटर जोडलेला आहे पण माहिती मिळत नाही, अशा वेळी लिनक्सचा गाभाही आता १०२४ बाय ७६८ पर्यंतचीच चित्रे देऊ करतो.