सरकीची वंशावळ

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांतील अंतरवाली सराटी या गांवाचें नांव २०२३ च्या पावसाळ्यापर्यंत जिल्ह्याबाहेर फारसें कोणास ठाऊक नव्हतें. त्या वर्षीं तेथें झालेल्या मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळें तें महाराष्ट्रभर पोंचलें, आणि निजामी अमदानींतील दप्तरें उघडून लोकांच्या पूर्वजांच्या नोंदी शोधण्यासाठीं सरकारास समिति नेमावी लागली. पणजोबांचें नांव कोणत्या कागदावर सांपडतें, हा प्रश्न मराठवाड्यांत घरोघर निघाला. याच अंबड तालुक्याच्या काळ्या जमिनींत दुसरी एक वंशावळ दर मृगाला मातीखालीं जाते आणि दिवाळीच्या सुमारास पांढरी होऊन झाडावर फुटते. ती आहे कपाशीची. तिचीं दप्तरें कोणत्याहि कचेरींत नाहींत. तीं प्रत्येक सरकीच्या पोटांत आहेत, आणि तीं वाचावयाची विद्या मनुष्यास येऊन अवघीं सव्वाशे वर्षें झालीं.

ही विद्या सुरू झाली ती मात्र कपाशीवर नव्हे, वाटाण्यावर. मोराव्हियांतील ब्रून या गांवच्या मठांत ग्रेगोर मेंडेल नांवाच्या धर्मगुरूनें १८५६ पासून सात-आठ वर्षें वाटाण्याचे संकर केले आणि १८६५ सालीं आपले निष्कर्ष तेथील विद्वत्सभेपुढें वाचून दाखविले. गुळगुळीत दाण्याचा वाटाणा व सुरकुतलेल्या दाण्याचा वाटाणा यांचा संकर केला तर पहिल्या पिढींत सर्व दाणे गुळगुळीतच येतात. सुरकुती जणुं नष्टच झाली असें वाटतें. पण त्याच दाण्यांची पुढची पिढी घेतली कीं ती पुन्हां उगवते. मेंडेलनें मोजलेल्या ७,३२४ दाण्यांपैकीं ५,४७४ गुळगुळीत होते व १,८५० सुरकुतलेले. म्हणजे तिनास एक. यावरून त्यानें अनुमान काढलें कीं, मातापित्यांचे गुण दुधांत पाणी मिसळावें तसे एकमेकांत मिसळून जात नाहींत. जोंधळ्यांत मिसळलेल्या हरभऱ्याप्रमाणें ते वेगळे राहतात आणि पुढें पुन्हां निवडून निघतात. या विचारापूर्वीं वंशाविषयीं जें कांहीं बोललें जाई त्यांत 'रक्त' हा शब्द फार असे. आणि रक्त हें पातळ होतें, मिसळतें, बिघडतें. मेंडेलचे घटक, ज्यांना आज आपण जनुकें म्हणतों, तीं पातळ होत नाहींत. पस्तीस वर्षें हा निबंध ग्रंथालयांत पडून राहिला. १९०० सालीं हॉलंड, जर्मनी व ऑस्ट्रिया येथील तिघां वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तो नव्यानें उजेडांत आणला, तेव्हां मेंडेलच्या मृत्यूस सोळा वर्षें होऊन गेलीं होतीं.

योगायोग असा कीं, त्याच सुमारास हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची आगगाडी मनमाडपासून जालन्यावरून पुढें जाऊं लागली. कापसाचा व्यापार वाढला, जिनांचे भोंगे वाजूं लागले. तोंपर्यंत या मुलखांत जी कपाशी होती ती देशी: पिवळ्या फुलाची, काटक, पाऊस ओढला तरी तग धरणारी. नांदेडकडच्या गावराणी कापसाची तर बाजारांत विशेष ख्याति होती. पूर्वीं घरचा कापूस घरींच लोढून शेतकरी आपल्या पसंतीच्या झाडाची सरकी ठेवी. जिन आलें आणि ही जुनी निवड मोडली. दहा गांवचा कापूस एका ढिगांत पडूं लागला, आणि पेरणीच्या वेळीं शेतकऱ्यानें जिनांतून सरकी आणली कीं तींत कोणत्या कुळाची कोण हें ब्रह्मदेवासहि सांगतां येऊं नये! यंत्रानें श्रम वांचविले हें खरें. पण वंशशुद्धि घालविली ती यंत्रानेंच.

ही भेसळ थांबविणें हा पुढें १९२१ सालीं स्थापन झालेल्या मध्यवर्ती कापूस समितीच्या कामाचा एक मोठा भाग झाला. तिच्या आश्रयानें १९२४ सालीं होळकरांच्या इंदुरास वनस्पति-उद्योग संस्था निघाली. तेथें १९३० नंतरच्या दशकांत जे. बी. हचिन्सन यांनीं कपाशीच्या वंशशास्त्राचें काम केलें आणि त्यांच्याबरोबर विनायक गोविंद पानसे यांनीं. पानसे यांच्यापुढचा प्रश्न वाटाण्याच्या सुरकुतीहून अवघड होता. फुलाचा रंग पिवळा कीं पांढरा हें डोळ्यांनीं दिसतें. परंतु धाग्याची लांबी किंवा झाडाचें उत्पन्न हे गुण 'आहे' वा 'नाहीं' अशा भाषेंत बोलत नाहींत. ते कमीअधिक असतात. अनेक जनुकें आपापला लहानसा वांटा टाकतात, त्यांत जमीन व पाऊस आपला मोठा वांटा मिसळतात, आणि शेवटीं शेतकऱ्याच्या हातीं जें पडतें त्यांत वंशाचें किती व खताचें किती हें केवळ पाहून सांगतां येत नाहीं. त्यासाठीं गणित लागतें. पानसे यांनीं साताऱ्याकडील बुध गांवच्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्या सहकार्यानें लिहिलेला कृषि-संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ सालीं निघाला, आणि शेतकी महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या त्याचें पठन झालें. सूक्ष्मदर्शकाइतकेंच तक्ते व वजाबाक्या हीं वंशशास्त्राचीं हत्यारें आहेत, हें या दोघां मराठी पंडितांच्या कामावरून चांगलें ध्यानांत येतें.

कपाशीची आणखी एक गंमत सूक्ष्मदर्शकानेंच उघड केली. देशी कपाशीच्या पेशींत गुणसूत्रांच्या तेरा जोड्या असतात, तर अमेरिकन कपाशीच्या पेशींत सव्वीस. दोहोंचा संकर केला तर झाड उगवतें, पण त्याची एकोणचाळीस गुणसूत्रें जोड्या लावूं शकत नाहींत आणि तें वांझ राहतें. मात्र या सव्वीस जोड्यांपैकीं तेरा जोड्या जुन्या जगांतील कपाशीच्या, म्हणजे आपल्या देशी कपाशीच्या भाऊबंदांच्या, आणि तेरा अमेरिकेंतील एका रानटी जातीच्या आहेत. दहा ते वीस लाख वर्षांपूर्वीं केव्हांतरी या दोघांचा संकर निसर्गानें आपण होऊन केला. तेव्हां जिला आपण परदेशी म्हणतों तिच्या निम्म्या संसारांत आपलेंच गोत्र नांदत आहे.

आतां जालन्याचा भाग. शुद्ध वाण एकमेकांशीं मिसळले असतां पहिली पिढी दोघांहूनहि जोमदार होते, हें अमेरिकेंत शल नांवाच्या शास्त्रज्ञानें मक्यावर १९०८ च्या सुमारास दाखविलें होतें. भारतांत १९६१ सालीं संकरित मका, १९६४ सालीं सी. एस. एच. १ ही संकरित ज्वारी आणि १९६५ सालीं संकरित बाजरी आली. सरकारी संस्थांनीं वाण सिद्ध केला तरी त्याचें शुद्ध बियाणें गांवोगांव पोंचवावयाचें कोणी? १९६४ सालीं जालन्यास बद्रिनारायण बारवाले यांनीं महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, अर्थात् महिको, काढली. हिंगोलीस जन्मलेल्या व निजामाविरुद्धच्या लढ्यांत पडलेल्या या गृहस्थांनीं आरंभ केला होता तो भेंडीच्या पुसा सावनी या वाणाचें बीं वाढवून. पुढें १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि जालना हें नांव बियाण्यांच्या व्यापारांत सर्वत्र ओळखीचें झालें.

'हायब्रीड' या शब्दाचें मराठींत पुढें काय झालें तें पाहण्यासारखें आहे. संकरित ज्वारीच्या भाकरीस मालदांडीची चव नाहीं, म्हणून लोकांनीं नाकें मुरडलीं, आणि लवकरच नाजूक, पोकळ, वाऱ्यानें आजारी पडणाऱ्या पोरासहि 'हायब्रीड' म्हणूं लागले. शास्त्राच्या परिभाषेंत जो शब्द जोमाचा वाचक, तोच बोलींत अशक्तपणाचा झाला. मोहोळच्या प्रक्षेत्रावर निवडलेली मालदांडी मात्र अजून रब्बींत उभी आहे, आणि तिचें बीं शेतकरी घरचेंच ठेवतो.

कपाशीचा संकर व्यापारी प्रमाणावर करून दाखविण्याचा मान सुरतेच्या सी. टी. पटेल यांचा. त्यांची हायब्रीड ४ ही जात १९७० सालीं आली. दोन वर्षांनीं धारवाडहून कटरकी यांची वरलक्ष्मी आली. नांदेडच्या केंद्रानें पुढें एन. एच. एच. ४४ दिली. हें बीं कसें होतें, हें सांगितल्यावांचून त्याची किंमत कळणार नाहीं. कपाशीच्या एकाच फुलांत नर व मादी दोन्ही असतात. म्हणून उद्यां उमलणारी कळी आज तिसऱ्या प्रहरीं ओळखून, नखानें तिच्या पाकळ्या व पुंकेसरांचें वेष्टन अलगद सोलून काढावें लागतें. स्त्रीकेसरास इजा होतां कामा नये. त्यावर रंगीत कागदी टोपी घालावयाची. दुसऱ्या दिवशीं सकाळीं नर-ओळींतील फूल तोडून त्याचे परागकण त्या केसरावर घासावयाचे आणि खूण म्हणून दोरा बांधावयाचा. एवढे उपचार झाल्यावर एका बोंडांतून सुमारें पंचवीस-तीस सरक्या मिळतात. असे हजारों दोरे बांधणारे हात बहुतेक स्त्रियांचे, आणि पुष्कळदां मुलींचे असत. जगांत अन्यत्र कपाशीचे सरळ वाण पेरले जात असतां भारतानें संकरित कपाशीचा एवढा विस्तार केला, तो या स्वस्त हातांच्या बळावर, हें नमूद केलेंच पाहिजे.

आणि येथेंच मेंडेलचा तिनास एक शेतकऱ्याच्या कमरेच्या पिशवीस हात घालतो. संकरित कपाशीची सरकी घरीं ठेवून पेरली तर दडलेले गुण पुन्हां बाहेर पडतात. एक झाड उंच, एक बुटकें, एकास बोंडें लवकर, दुसऱ्यास उशिरां. २००१ च्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें शेतकऱ्यास आपल्या पिकाचें बीं ठेवण्याचा, पेरण्याचा व देवघेव करण्याचा हक्क दिला आहे. संकरित बियाण्याच्या बाबतींत हा हक्क सृष्टिनियमानेंच पोकळ होतो. दर मृगाला दुकानाची पायरी चढणें आलें, आणि ती बहुधा उधारीवर.

२००२ च्या मार्चमध्यें केंद्र सरकारनें महिकोच्या तीन बीटी संकरांस परवानगी दिली. जमिनींत राहणाऱ्या एका जीवाणूचें जनुक कपाशीच्या गुणसूत्रांत बसविलें असतां झाड स्वतःच बोंडअळीस मारक असें प्रथिन तयार करतें. मूळ जनुक अमेरिकेंतील कोकर ३१२ या वाणांत घातलेलें होतें, कारण प्रयोगशाळेंत त्याच्या पेशींपासून अखंड झाड उभें करतां येतें. जालन्यास तें आपल्या वाणांत पुनःपुन्हां संकर करून उतरविलें गेलें. म्हणजे नव्या विद्येलाहि शेवटीं मेंडेलच्याच पायवाटेनें चालावें लागलें. दहा-बारा वर्षांत देशांतील नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशी बीटी झाली. हिरव्या बोंडअळीवरील फवारण्या कमी झाल्या, हें निर्विवाद.

परंतु वंश अळीलाहि आहे. गुलाबी बोंडअळी तर भडोचच्या कापसावर १८४० नंतरच्या दशकांतच शास्त्रज्ञांना सांपडली होती. बीटीचें विष पचविणारें जनुक अळींत विरळा असतें, आणि बहुधा तें सुरकुतीप्रमाणें दबणारें असतें. दोन्ही जनकांकडून आलें तरच अळी वांचते. म्हणून शेताच्या कडेनें साध्या कपाशीच्या ओळी लावाव्या, तेथें वाढलेल्या दुबळ्या पतंगांशीं प्रतिकारक पतंगांचा संयोग व्हावा आणि त्यांची संतति बीटी खाऊन मरावी, अशी योजना होती. यासाठीं ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधें बीं मिळे. अळी पोसावयास स्वतःचें शेत कोण देईल? तें पाकीट बहुधा बांधावर पडलें. २०१० सालीं गुजरातेंतील गुलाबी अळी पहिल्या बीटी जनुकास दाद देत नसल्याचें जाहीर झालें. २००६ पासून आलेली दोन जनुकांची जातहि पुढें निष्प्रभ झाली. आणि २०१७ सालीं विदर्भ-मराठवाड्यांतील बोंडें आंतून किडलीं.

या नाशाचें एक कारण नागपूरच्या केंद्रीय कापूस संस्थेचे तत्कालीन संचालक केशव क्रांति यांनीं दाखविलें, तें फार मार्मिक आहे. बीटीचें जनुक संकराच्या एकाच जनकाकडून आलें असेल, तर झाड बीटी असलें तरी त्याच्या बोंडांतील सरक्या ही पुढची पिढी होय. त्यांत चारांपैकीं एक सरकी विषरहित निघते. गुलाबी अळी सरकीवरच जगते; एकाच बोंडांत तिला विषारी व निर्विष दोन्ही घास मिळतात, आणि थोडें थोडें विष सोसून ती टिकते. चीनमध्यें हेंच प्रमाण उलट उपयोगी पडलें. तेथील शेतकऱ्यांनीं संकराच्या दुसऱ्या पिढीचें स्वस्त बीं पेरलें, त्यामुळें शेतांतील सुमारें चौथाई झाडें आपोआप साधीं आलीं, दुबळ्या पतंगांना थारा मिळाला, आणि अळीचा प्रतिकार ओसरल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें.

अंबड तालुक्याकडे जायकवाडीच्या डाव्या कालव्याचें पाणी ज्या शिवारांस मिळतें, तेथें वेचणी संपल्यावर पुन्हां पाणी देऊन कपाशीचा फरदड घेण्याचा मोह होतो. उभ्या पिकांत अळीची एक पिढी अधिक वाढते. डिसेंबरअखेर कपाशी उपटावी, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवूं नयेत, जिनांतून आलेल्या कापसाच्या ढिगाजवळ कामगंध सापळे लावावे, असें कृषि खातें दर वर्षीं सांगतें. कापसास भाव बरा असला कीं जानेवारींतहि अनेक शेतें हिरवींच दिसतात.