मांडवाखालची जमीन : शेतातला कार्यक्रम आणि ‘बिनशेती’च्या अटी

माझ्या मामाची पुणे-नगर रस्त्यापासून थोडी आत एक एकर दहा गुंठे जमीन आहे. तिथे त्याने २०१६ साली गवत लावलं, कडेने अशोकाची झाडं लावली, पत्र्याचं एक स्वयंपाकघर उभं केलं आणि लग्नाला जागा द्यायला सुरुवात केली. २०१९ मध्ये नोटीस आली. शेतजमिनीचा विनापरवाना अकृषिक वापर. मी तेव्हा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला होते आणि माझा विषय ‘दख्खनमधली जमीनमहसूल पद्धत’ असा ऐसपैस होता. मामाने नोटीस माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला, “तू एवढी शिकलीस, सांग बरं, गवत लावणं शेती नाय का?”

मला उत्तर देता आलं नाही. पण संशोधनाचा प्रश्न मला तिथे सापडला. म्हणून तुमच्यापैकी जे विषय शोधतायत त्यांना आधीच सांगते, घरात आलेला सरकारी कागद नीट वाचत जा.

नोटिशीत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ची कलमं होती. संहितेच्या छापील प्रतीत मागे मागे गेलं की आपण पोचतो १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यावर, त्यातल्या कलम ६५ वर. या कलमाचं म्हणणं साधं आहे. शेतीसाठी आकारलेली जमीन ज्याच्याकडे आहे त्याला शेतघर बांधता येईल, विहीर-तळं खोदता येईल, लागवड चांगली व्हावी म्हणून सुधारणा करता येतील. दुसऱ्या कुठल्याही कामासाठी जमीन वापरायची तर आधी कलेक्टरची परवानगी. कलेक्टरने तीन महिन्यांत उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं समजायचं. (हो, ‘मानीव परवानगी’ एवढी जुनी आहे. १९६६ मध्ये तिचे नव्वद दिवस झाले.)

हे कलम वाचताना माझी पहिली चूक अशी झाली की मी ते आजच्या डोळ्यांनी वाचलं. मला वाटलं, इंग्रजांना शेतजमीन वाचवायची होती. माझ्या पहिल्या प्रकरणाच्या मसुद्यात तसं चक्क लिहिलेलंही आहे. गाईडनी त्याखाली पेन्सिलने एवढंच लिहिलं, “पुरावा?” पुरावा नव्हता.

कलम ६५ समजायचं तर त्याच्याही मागे, इंदापूरला जावं लागतं. प्रिंगलने १८२० च्या दशकाच्या अखेरीस निव्वळ उत्पन्नाच्या हिशेबावर बसवलेली आकारणी कोसळली. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी पाहणी सुरू केली. मातीची प्रत ठरवायची, त्यावर आकार बसवायचा आणि तो तीस वर्षं बदलायचा नाही. १८४७ च्या संयुक्त अहवालात या पद्धतीचे नियम पक्के झाले. तीस वर्षांच्या या हमीत आणखी एक वचन होतं : शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने विहीर खोदली, बांध घातले, तर त्या सुधारणेमुळे त्याचा सारा वाढवायचा नाही. १८७९ च्या कायद्यात हे वचन आलं.

आता हे वचन आणि कलम ६५ शेजारी-शेजारी ठेवून वाचा. सरकार म्हणतंय, शेती सुधारून तुझं उत्पन्न वाढलं तर त्यात मी हात घालणार नाही. पण त्याच जमिनीवर तू बंगला, वीटभट्टी किंवा कारखाना उभा केलास तर वाढलेल्या किमतीत माझा वाटा आहे. म्हणूनच परवानगी देताना नवा आकार बसवायचा आणि शिवाय वर एक रक्कम घ्यायची अशी तरतूद होती. त्या रकमेला कायद्यात ‘दंड’ हाच शब्द आहे, गंमत म्हणजे परवानगी घेऊन काम करणाऱ्यालाही. तेव्हा ‘बिनशेती’ची परवानगी मुळात साऱ्याच्या हिशेबातून आली. जमीन कशासाठी वापरावी यापेक्षा वापर बदलला की वसुली किती, हा तिचा प्रश्न होता. निदान मी वाचलेल्या कायद्याच्या मजकुरातून मला हेच दिसतं. शेतजमीन वाचवण्याचा मुद्दा नंतर, नगररचनेच्या कायद्यांबरोबर तिच्यावर चढला.

मग या हिशेबात कार्यक्रम कुठे बसतो? कुठेच नाही. बिनशेती सारा दरवर्षी द्यायचा असे, गाव नमुना २ या नोंदवहीत तो वर्षाच्या हिशेबाने लिहीत. लग्न असतं एका दिवसाचं, जत्रा दोन दिवसांची, तमाशाचा फड एका रात्रीचा. सुगी झाली की मोकळ्या रानात फड लागायचा, कुस्त्यांचा आखाडा भरायचा, शंकरपटाला गाड्या पळायच्या. पाऊस पडला की त्याच रानात पुन्हा पाभर चालायची. कलम ६५ मध्ये ‘दुसरा वापर’ हे शब्द आहेत, पण तो किती दिवसांचा हे नाही. अक्षरशः वाचलं तर एका रात्रीच्या फडालाही कलेक्टरची परवानगी लागली असती.

इथे संशोधन करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी मला दोन उन्हाळे घालवल्यावर कळली. मी तालुक्याच्या अभिलेख कक्षात बिनशेतीच्या जुन्या फायलींमध्ये जत्रा आणि लग्नं शोधत बसले होते. मिळाल्या वीटभट्ट्या, पिठाच्या गिरण्या, घरं, पुढे पुढे पेट्रोल पंप. मांडव एकही नाही. यावरून ‘शेतात कार्यक्रम होत नसत’ असा निष्कर्ष काढला असता तर तो वेडेपणा ठरला असता. कार्यक्रमांची नोंद दुसऱ्या खात्याच्या कपाटात होती. सार्वजनिक खेळाचे परवाने पोलिसांकडे, १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याखाली. तिकीट लावलेल्या खेळाचा कर १९२३ च्या करमणूक शुल्क कायद्याखाली. म्हणजे राज्य कार्यक्रमाला गर्दी म्हणून आणि गल्ला म्हणून ओळखत होतं, जमिनीचा वापर म्हणून ओळखत नव्हतं. एखादी गोष्ट फायलीत नाही म्हणजे ती घडली नाही असं नसतं, हे आपण पद्धतिशास्त्राच्या पेपरात पाठ करतो. प्रत्यक्षात ते कळायला चुकीच्या कपाटापुढे बसावं लागतं.

इंग्लंडमध्ये हा दिवसांचा प्रश्न फार लवकर नियमात आला. १९४७ च्या नगररचना कायद्यानंतर १९४८ साली जो सर्वसाधारण विकास आदेश निघाला, त्यात तात्पुरत्या वापरासाठी वर्षातले अठ्ठावीस दिवस मोकळे ठेवले गेले. तेवढ्यापुरतं नियोजन परवानगीची गरज नाही. सॉमरसेटमधल्या पिल्टन गावच्या वर्दी फार्म या दुग्धशेतीवर १९७० मध्ये ग्लास्टनबरीचा पहिला महोत्सव झाला तेव्हा जेमतेम दीड हजार माणसं होती. गर्दी वाढली, गावकऱ्यांच्या तक्रारी वाढल्या, १९८२ च्या कायद्याने स्थानिक परिषदेला परवान्याचा अधिकार मिळाला आणि १९८३ च्या परवान्यात तीस हजारांची मर्यादा आली. पुढची अनेक वर्षं परवान्याच्या अटींवरून शेतकरी आणि परिषद यांच्यात कोर्टकचेऱ्या चालल्या. मधूनमधून एखादं वर्ष महोत्सव बंद ठेवून जमिनीला विश्रांती देतात. आपल्याकडे रान पड ठेवतात ना, तसंच.

आपल्याकडे दिवसांचा असा सर्वसाधारण हिशेब महसूल संहितेत आला नाही. १९६६ च्या कलम ४१ ने शेतकऱ्याची मुभा जवळजवळ तशीच ठेवली. ‘शेतघरा’ची व्याख्या दिली : अवजारं, खत, वैरण, धान्य ठेवायला, गुरं बांधायला, मालकाच्या कुटुंबाला आणि गड्यांना राहायला, किंवा लागवडीच्या व्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेल्या इतर कामाला. मामाचं पत्र्याचं स्वयंपाकघर यात कुठेही बसत नाही, कितीही ओढलं तरी.

आणि कलम ४२. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. शेतीची जमीन परवानगीशिवाय बिनशेतीला वापरायची नाही, हे तर झालंच. एका बिनशेती कामाची जमीन दुसऱ्या बिनशेती कामाला वापरायची नाही, हेही ठीक. पण तिसरा तुकडा असा आहे की काम तेच असलं, तरी परवानगी देताना घातलेल्या अटी सैल करायच्या असतील तर पुन्हा कलेक्टरकडे यायचं. अटी घालण्याची मुभा १८७९ च्या कायद्यातही होती. इथे मात्र अट बदलणं हाच स्वतंत्र परवानगीचा विषय आहे. कुणी ‘लॉन्स’साठी परवानगी घेतली आणि पुढे त्याला मांडवाची जागा वाढवायची असली, तर जुनी सनद दाखवून भागत नसे.

१९८० नंतरचा इतिहास भराभर सांगते, कारण त्यातलं बरंचसं तुम्हाला बातम्यांतून माहीत असेल. शहरांभोवती ‘फार्महाऊस’ वाढली तेव्हा १९८६ च्या दुरुस्तीने मोठ्या शहरांच्या आसपासच्या पट्ट्यात शेतघरालाही परवानगी आणि किमान ०.४ हेक्टर क्षेत्राची अट आली. १९९४ मध्ये कलम ४४-अ आलं आणि खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापराला पूर्वपरवानगीतून सूट मिळाली. त्याच्या स्पष्टीकरणात अधिसूचित पर्यटनस्थळांतला पर्यटन व्यवसायही आहे. म्हणजे पर्यटन उद्योग ठरलं, लग्न नाही. २०१४ मध्ये ४२-अ, २०१७ मध्ये ४२-ब, क, ड. विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत जमिनीचा वापर आधीच ठरलेला असेल तर वेगळी बिनशेती परवानगी घेण्याची गरज उरली नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत घरासाठीही तीच सोय झाली.

‘एनए रद्द’ अशा मथळ्यांवर जाऊ नका. अटी रद्द झाल्या नाहीत, त्या जागा बदलून नगररचनेच्या नियमावलीत गेल्या. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत शेती विभागातही मंगल कार्यालय आणि लॉनला जागा आहे, पण किमान क्षेत्र, बांधकामाचं प्रमाण, रस्ता आणि पार्किंग पाहून. सारा मोजणाऱ्याच्या हातातून परवानगी रस्त्याची रुंदी मोजणाऱ्याच्या हातात गेली. माझ्या प्रबंधाचा मधला भाग याच स्थलांतराबद्दल आहे.

वेळेची अट आली ती तिसऱ्याच दारातून. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकावर बंदी घातली. सणावारासाठी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत. आणि करोनात, एप्रिल २०२१ च्या आदेशाने, लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास! मी पाहिलेल्या कागदांत सोहळ्याची डोकी आणि तास दोन्ही मोजणारी ही पहिली अट. अर्थात ती आपत्तीच्या कायद्याखाली होती, जमिनीच्या नाही, आणि ती गेलीही लवकर.

आता गवताकडे येऊ. मामाचा सातबारा काढला तर गाव नमुना १२ मध्ये, म्हणजे पिकांच्या नोंदीत, त्या गटात ‘गवत’ असं लिहिलेलं. मामाला वाटलं, जिंकलो! मलाही क्षणभर वाटलं, कारण १९४८ च्या कुळकायद्यात शेतीच्या व्याख्येत गवत वाढवणंही येतं. पण ती व्याख्या कुळाच्या हक्कासाठी केलेली आहे. ती उचलून महसूल संहितेच्या वापराच्या प्रश्नाला लावता येत नाही. आणि नोटिशीचा प्रश्न ‘जमिनीवर काय उगवलंय’ हा नव्हताच, ‘त्यावर काय चाललंय’ हा होता. एकच शब्द दोन कायद्यांत दोन कामं करतो. तुमच्या विषयात असा एखादा शब्द असेल तर त्याचा माग काढा, प्रकरण लिहून होईल.

कलम ४५ खाली मामाला दंड आणि मागच्या वर्षांची अकृषिक आकारणी भरावी लागली. वापर नियमित करून घ्यायचा अर्ज त्याने केला, तो रस्त्यावर अडकला. हमरस्त्यापासून त्याच्या गटापर्यंतची वाट बैलगाडीच्या हिशेबाची. दोन्ही बाजूंच्या भावकीने जमीन सोडली तरच ती रुंद होणार. एक चुलतभाऊ तयार आहे. दुसऱ्याचं म्हणणं, “तुझ्या वराती माझ्या कांद्यातून गेल्या त्या वर्षी कुठे होता कायदा?” त्याच्या या प्रश्नाला १८७९ पासूनच्या एकाही कलमात उत्तर नाही, कारण ही परवानगी मालक आणि सरकार यांच्यातली आहे, शेजाऱ्याला तीत जागाच नाही. माझ्या शेवटच्या प्रकरणात मी त्याला जागा करायचा प्रयत्न करतेय. त्यासाठी आता दिवाणी न्यायालयातले वहिवाटीच्या वाटेचे जुने दावे वाचायला घेतलेत, आणि दिवाळीत मामाबरोबर त्या चुलतमामाकडेही जाणार आहे. वही घेऊन गेलं तर तो बोलेल का, शंकाच आहे.