जुन्या स्पार्कस्टेशनसाठी नेटबीएसडी : एका आवृत्तीच्या पोटात काय असते?

यंत्र सुस्थितीत असूनही केवळ त्याच्यासाठी कोणी कार्यप्रणाली तयार करीत नाही म्हणून ते भंगारात जाते, हा संगणकाच्या दुनियेतला नित्याचा अनुभव आहे. त्याला सन्माननीय अपवाद ठरते नेटबीएसडी ही युनिक्सच्या कुळातील मुक्त कार्यप्रणाली. १९९३ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या, २८ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झालेल्या १०.० या आवृत्तीतही सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या १९८९ सालच्या स्पार्कस्टेशन-१ साठी जागा राखलेली आहे. अशा आवृत्तीत नेमके काय मिळते आणि ते तसे का मांडलेले असते, याची ही माहिती.

यंत्रांचा पूर्वेतिहास

सन कंपनीची स्थापना १९८२ साली झाली. तिच्या चार संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. पिझ्झाच्या खोक्यासारखे चपटे दिसणारे स्पार्कस्टेशन-१ हे २० मेगाहर्ट्झ गतीचे वर्कस्टेशन होते आणि त्यात जास्तीत जास्त ६४ एमबी स्मृती बसवता येत असे. पुढे १९९४ मध्ये आलेल्या स्पार्कस्टेशन-२० मध्ये ही मर्यादा ५१२ एमबीपर्यंत गेली. मात्र कंपनीने आपल्या सोलारिस प्रणालीतून ही यंत्रे टप्प्याटप्प्याने वगळली. स्पार्कस्टेशन-१ च्या पिढीसाठी सोलारिस ७ ही अखेरची आवृत्ती ठरली, तर स्पार्कस्टेशन-२० च्या पिढीसाठी सोलारिस ९. २००५ च्या सोलारिस १० ला ६४ बिटांचे अल्ट्रास्पार्कच लागते. २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलने विकत घेतली.

आवृत्तीचे संच

नेटबीएसडीची आवृत्ती म्हणजे एकच अवजड फाइल नव्हे. ती निरनिराळ्या संचांत विभागलेली असते. त्यांतील तीन संच अनिवार्य आहेत. कर्नलच्या संचात प्रणालीचा गाभा असतो. ‘बेस’ या संचात रोजच्या वापराच्या आज्ञा, लायब्ररी आणि नेटवर्कची साधने येतात. ‘ईटीसी’ या संचात मांडणीच्या, म्हणजे यंत्राचे नाव, वापरकर्ते, सुरू होताना चालवायच्या सेवा इत्यादींच्या फायली असतात. जुन्या प्रणालीचे नूतनीकरण करताना हा तिसरा संच डोळे झाकून वरून उलगडू नये. स्वतः केलेली सारी मांडणी त्याखाली पुसली जाते.

बाकीचे संच ऐच्छिक. ‘कॉम्प’ मध्ये सी व सी++ भाषांचे कंपायलर, ‘मॅन’ मध्ये प्रत्येक आज्ञेची माहितीपुस्तिका, ‘टेक्स्ट’ मध्ये मजकूर जुळणीची साधने, ‘मिस्क’ मध्ये शब्दसूची व दस्तऐवज, तर ‘गेम्स’ मध्ये खेळ. चित्रमय पडद्यासाठी एक्स विंडो प्रणालीचे पाच वेगळे संच आहेत. ही विभागणी केवळ सोयीची नाही. काहीशे एमबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर सर्व काही मावत नाही. पडदा न जोडता एखादे काम करणाऱ्या यंत्राला एक्सचे पाचही संच टाळता येतात. यंत्राला झेपेल तेवढेच घ्यावे, हे या रचनेमागील सूत्र आहे.

कर्नलही एकाहून अधिक मिळतात. नेहमीचा ‘जेनेरिक’, एकापेक्षा जास्त प्रोसेसर असलेल्या यंत्रांसाठी त्याचाच बहुप्रोसेसर अवतार, आणि ‘जेनेरिक स्कझी-३’. या तिसऱ्याचे कारण मजेशीर आहे. सनच्या जुन्या यंत्रांत स्कझी क्रमांक ३ च्या डिस्कला पहिली डिस्क मानण्याची प्रथा होती. तीच प्रथा पाळणारा कर्नल जुन्या मालकांसाठी तयारच ठेवलेला असतो. याखेरीज प्रणालीचा संपूर्ण सोर्स कोड स्वतंत्र संचांत मिळतो आणि प्रत्येक फाइल उतरवताना बिघडली नाही ना, हे पडताळण्यासाठी चेकसमची यादीही सोबत असते.

यंत्रावर चढवताना

अडचणी बहुधा सॉफ्टवेअरच्या आधीच सुरू होतात. ही यंत्रे ५१२ बाइटचे ब्लॉक वाचणाऱ्या सीडी ड्राइव्हवरूनच सुरू होतात. कोणताही ड्राइव्ह चालत नाही. तसा ड्राइव्ह नसल्यास दोन मार्ग उरतात. यंत्रावर जुनी प्रणाली चालू असेल तर आवृत्तीतील ‘मिनिरूट’ ही छोटी प्रतिमा स्वॅपच्या विभागात उतरवून तिथून सुरुवात करता येते. अन्यथा दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कद्वारे. या दुसऱ्या मार्गात यंत्र आपला हार्डवेअर पत्ता पुकारून आयपी पत्ता मागते. पण तो हार्डवेअर पत्ता ज्या चिपमध्ये साठवलेला असतो, तिची अंगभूत बॅटरी आता बहुतेक ठिकाणी संपलेली आहे. अशा वेळी तो पत्ता यंत्राच्या ‘ओपनबूट’ या प्रारंभिक प्रणालीत हाताने भरावा लागतो, किंवा चिप बदलावी लागते.

नवे काय पदरात पडते?

जुन्या यंत्राला नवी आवृत्ती कशासाठी, असा प्रश्न साहजिक आहे. पहिले उत्तर सुरक्षेचे : नेटवर्कला जोडलेल्या यंत्रात विसाव्या शतकातील त्रुटी तशाच ठेवणे धोक्याचे असते. दुसरे काळाचे : ३२ बिटांत सेकंद मोजणाऱ्या प्रणालींची गणती १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. नेटबीएसडीने २०१२ च्या ६.० आवृत्तीपासून ३२ बिटांच्या यंत्रांवरही ६४ बिटांची कालगणना स्वीकारली. म्हणजे १९८९ चे यंत्र २०३८ ओलांडण्यास, निदान प्रणालीच्या बाजूने, सिद्ध आहे. अर्थात अपेक्षा मर्यादित हव्यात. आजची संकेतस्थळे दाखवणारा ब्राउझर अशा यंत्रावर चालवण्याच्या फंदात पडू नये. जुनी माहिती वाचणे, सिरियल पोर्टवरील उपकरण हाताळणे, युनिक्स शिकणे, ही कामे मात्र ते चोख करते.

एवढ्या मंद यंत्रासाठी संपूर्ण प्रणाली बांधायची कोणी आणि कुठे? २००२ च्या १.६ आवृत्तीपासून नेटबीएसडीत अशी सोय आहे की, कोणत्याही वेगवान आधुनिक संगणकावर बसून दुसऱ्या जातीच्या यंत्रासाठी पूर्ण आवृत्ती तयार करता येते. ही सोय नसती तर इतकी जुनी यंत्रे सांभाळणे फार अवघड झाले असते.

तरीही हा आधार कायमचा गृहीत धरता येत नाही. नेटबीएसडीच्या वर्गवारीत ३२ बिटांचा स्पार्क दुसऱ्या श्रेणीत आहे. म्हणजे त्याची काळजी घेणारे स्वयंसेवक आहेत तोवरच तो टिकेल. भगिनी प्रकल्प असलेल्या ओपनबीएसडीने २०१६ च्या ५.९ आवृत्तीनंतर या यंत्रांना निरोप दिला. ज्यांच्याकडे असे यंत्र आणि त्यात अडकलेली जुनी माहिती आहे, त्यांनी योग्य संच निवडून ती बाहेर काढण्याचे काम लांबणीवर टाकू नये, हेच बरे.