बांधीत सापडलेलं वाळं

मागच्या रोवण्याला आमच्या गटातली एक बाई दुसऱ्याच्या बांधीत मजुरीला गेली होती. चिखलात पायाला काहीतरी टोचलं. काढून पाहिलं तर हिरवं पडलेलं पितळेचं वाळं, लहान मुलीच्या पायात बसेल एवढं. तिने ते लुगड्यात खोचून घरी आणलं आणि पोळ्याच्या आधी फुटक्या गुंडासोबत भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकलं. एवढी घाई का केली, असं आम्ही विचारलं. ती म्हणाली, "मालकाला कळलं असतं तर चोरी केली म्हणाला असता."

तिच्या या भीतीसाठीच आजचं बोलणं आहे.

इंग्लंडमध्ये पुष्कळ लोक सुटीच्या दिवशी धातू शोधायचं यंत्र घेऊन, मालकाला विचारून, नांगरलेल्या शेतात फिरतात. त्यांना सापडतं काय, तर पाचसातशे वर्षांपूर्वीची पट्ट्याची बकलं, कपडा अडकवायच्या पिना, बटणं. १९९७ पासून तिथे अशा वस्तूंची सरकारी नोंद सुरू आहे आणि ती पंधरा लाखांच्या वर गेली आहे. मोडकं बकलही नोंदवतात, कारण राजाचे दागिने संग्रहालयात असतात, पण साध्या माणसाच्या कमरेला काय होतं ते त्या बकलावरूनच कळतं.

आपल्या लुगड्याला ना बकल ना बटण. निऱ्या खोचल्या, पदर कमरेला गुंडाळला, की झालं. आपल्याकडे धातू असायचा तो अंगावर: वाळे, तोडे, जोडवी, घुंगरू, फार तर कमरेचा किल्ल्यांचा छल्ला. गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी मार्कंड्याचं देऊळ आहे, सुमारे हजार वर्षांपूर्वीचं. त्याच्या भिंतीवरच्या बाया नीट बघा. कमरपट्टे, पायातले तोडे, दंडावरचे दागिने, सगळं दगडात कोरलेलं आहे. पण त्या देवळातल्या बाया. रोवणा करणारीच्या पायात काय होतं, ते भिंत सांगत नाही. ते मातीतूनच यायचं.

आणि मातीतून काढताना जागा महत्त्वाची. नागपूरजवळ माहूरझरीला १९७० नंतर उत्खनन झालं. तिथल्या दगडी वर्तुळांत, अडीच हजार वर्षांहून जुन्या दफनांत, घोड्याच्या तोंडावर चढवलेले तांब्याचे दागिने निघाले. हाडांसोबत जागेवर होते, म्हणून घोड्याचे हे कळलं. कुणी आधीच उपसून विकले असते, तर तो नुसता तांब्याचा पत्रा ठरला असता. आमच्या वाळ्याचं तेच झालं. ते कोणत्या काळचं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

आता कायद्याचं. जमिनीत सापडलेल्या धनाचा कायदा १८७८ सालचा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, अंदाजे किंमत किती, कुठे आणि कोणत्या तारखेला. लपवलं तर वाटाही जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. पण कळवलं, आणि ते धन आपल्या घरच्यांनी गेल्या शंभर वर्षांत ठेवलेलं असं कुणी सिद्ध केलं नाही, तर काय? मालकाशी आधी काही ठरलेलं नसेल तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. हो, मजुरीला गेलेल्या बाईलाही. सरकारने वस्तू स्वतःकडे ठेवली, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देते. पितळेच्या वाळ्याचे असे कितीसे पैसे येणार म्हणा! पण चोरीचा ठपका तर बसला नसता.

याचा अर्थ यंत्र घेऊन गड-देवळं खणत सुटायचं असा नाही. संरक्षित जागी परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. आणि गुप्तधन काढून देतो म्हणणारा मांत्रिक दारात आला, तर त्याच्यासाठी महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. सरळ पोलिसात जा.

परवा आम्ही त्या बाईसोबत बांधीवर गेलो. धान कापून झालं होतं. मोहाच्या झाडाकडून तिसऱ्या धुऱ्याशी तिने पाय टेकवला आणि म्हणाली, "हे इथं." आम्ही गटाच्या वहीत तारीख घातली, गावाचं नाव आणि गट नंबर लिहिला, आणि तिने बोटाने दाखवलं तेवढ्या मापाचं वाळं पेनाने काढून ठेवलं.